व्यंकटेश माडगूळकर : माणदेश आणि माणदेशापासूनचे अंतर

मराठीतील प्रादेशिक साहित्याच्या विवेचनात व्यंकटेश माडगूळकर ह्यांचे नाव माणदेशाशी इतके एकरूप झालेले आढळते की, त्यांच्या आयुष्याची सुमारे पन्नास वर्षे ह्या प्रदेशाबाहेर गेली, ही साधी चरित्रात्मक वस्तुस्थिती बहुधा नजरेआड होते. त्यांचा जन्म १९२७चा आणि मृत्यू २००१चा. ह्यांतील बालपण व पौगंडावस्था औंध संस्थानातील खेड्यापाड्यांत, आणि पुढचा जवळजवळ सारा काळ मुंबई व पुणे ह्या शहरांत, अशी त्यांच्या आयुष्याची ढोबळ विभागणी करता येते. गावात राहून गावाविषयी लिहिणारा लेखक अशी त्यांची प्रतिमा वाचकांच्या मनात रुजली असली, तरी त्यांच्या ग्रंथांचा आणि चरित्राचा क्रम एकत्र मांडून पाहिल्यास वेगळेच चित्र दिसते. त्यांचे बहुतेक महत्त्वाचे पुस्तक कोणत्या ना कोणत्या ताटातुटीनंतर आलेले आहे. त्या ताटातुटींपैकी एक, १९४८ सालची, त्यांनी स्वतः निवडलेली नव्हती. माडगूळकरांच्या प्रादेशिकतेचे स्वरूप तिच्यापाशी येऊन तपासावे लागते.

माणदेश हा महसुली नकाशावर नसलेला प्रदेश आहे. साताऱ्याच्या पूर्वेकडील माण व खटाव, सांगलीच्या ईशान्येचा आटपाडी व त्याला लागून असलेला जतचा काही भाग, आणि सोलापूरच्या बाजूचे सांगोले असा हा टापू तीन जिल्ह्यांत विभागला गेला आहे. माण तालुक्यातील डोंगरांत उगम पावलेली माणगंगा म्हसवडवरून आटपाडी-सांगोल्याच्या बाजूने वाहत जाऊन सरकोलीजवळ भीमेला मिळते; वर्षातील बराच काळ तिच्या पात्रात पाण्यापेक्षा वाळूच अधिक असते. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत असल्यामुळे येथे वर्षाकाठी जेमतेम पाचशे मिलिमीटर पाऊस पडतो, पुष्कळदा तोही पडत नाही. मृगापेक्षा उत्तरा-हस्ताच्या परतीच्या पावसावर येथील शाळू अवलंबून असतो. १९५३ साली आलेल्या माडगूळकरांच्या कथासंग्रहाचे नाव ‘हस्ताचा पाऊस’ असे आहे. कृष्णाकाठच्या वाचकाला त्या नावात ऋतुवर्णन दिसेल. माणदेशी माणसाला मात्र त्यात वर्षभराच्या भाकरीचा प्रश्न दिसतो. उघडे माळ, बोरी-बाभळी, खिलार जनावरे, धनगरांच्या वाड्या आणि मेंढरे ही ह्या प्रदेशाची ओळख. त्याच जिल्ह्यातील वारणाकाठच्या वाटेगावचे अण्णा भाऊ साठे ह्यांच्या ‘फकिरा’मध्ये (१९५९) जे दाट रान आणि जी भरलेली पिके येतात, त्यांचा येथे मागमूस नाही. एकाच जिल्ह्याच्या दोन टोकांनी मराठीला दोन परस्परभिन्न निसर्ग दिले.

माडगूळकरांचा जन्म ज्या माडगुळे गावी झाला ते औंध संस्थानाच्या आटपाडी महालात होते. वडील दिगंबर बळवंत हे संस्थानच्या नोकरीत कारकून होते. पगार तुटपुंजा, कुटुंब मोठे आणि बदल्यांमुळे बिऱ्हाड फिरते. वडीलबंधू गजानन म्हणजेच ग. दि. माडगूळकर हे आठ वर्षांनी मोठे. मराठी गीतकार आणि पटकथाकार म्हणून त्यांचे नाव पुढे घरोघरी पोहोचले. औंध हे संस्थान विस्ताराने लहान आणि तुकड्या-तुकड्यांत विखुरलेले असले, तरी त्याचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे चित्रकार, कीर्तनकार आणि सूर्यनमस्काराचे पुरस्कर्ते म्हणून प्रसिद्ध होते. त्यांनी १९३८मध्ये औंधला चित्र-शिल्पांचे संग्रहालय उघडले, आणि १९३९मध्ये गांधीजींच्या मार्गदर्शनाने संस्थानाला ग्रामपंचायतींवर आधारलेली राज्यघटना दिली. आटपाडीजवळील स्वतंत्रपूर येथे कैद्यांना बेड्यांवाचून शेती करीत राहू देणारी वसाहत त्याच सुमारास उभी राहिली. १९५७च्या ‘दो आँखें बारह हाथ’ ह्या चित्रपटाच्या कथेला ती प्रेरक ठरली, आणि ती कथा ग. दि. माडगूळकरांची होती. दुष्काळी माळावरचे हे राज्य एकाच वेळी जुनाट आणि प्रयोगशील होते. व्यंकटेश माडगूळकरांच्या लेखनात सत्तेविषयी जो एक निर्वैर, किंचित मिस्कील भाव आढळतो, त्याचे मूळ ह्या संस्थानी बालपणात असावे.

१९४२च्या आंदोलनात शाळेतील हा मुलगा ओढला गेला आणि त्याचे शिक्षण तुटले. भूमिगत अवस्थेतील त्या काळाचे अनुभव त्यांनी ‘कोवळे दिवस’ ह्या कादंबरीत फार उशिरा, १९७९मध्ये, मांडले. मॅट्रिकची परीक्षा मागे पडली, ती पडलीच. महाविद्यालयाचे तोंड न पाहिलेल्या ह्या लेखकाने इंग्रजी वाचन स्वतःच्या बळावर साध्य केले. ओढा मात्र आरंभी शब्दांपेक्षा रेषेकडे होता. चित्रकला शिकण्यासाठी ते कोल्हापूरला गेले. चित्रकार होणे जमले नाही, तरी रेखाटनाचा हात आयुष्यभर राहिला आणि पुढे त्यांनी आपल्या काही पुस्तकांसाठी स्वतःच चित्रे काढली. त्यांच्या गद्यातील काटकसर ही वाचनापेक्षा रेखाटनाच्या सवयीतून आली असावी. एखाद्या माणसाची बसण्याची ढब किंवा जनावराची मान वळवण्याची रीत नोंदवून ते थांबतात. ती खोडून पुन्हा काढीत नाहीत, आणि तिचा अर्थही सांगत बसत नाहीत. पु. आ. चित्रे ह्यांच्या ‘अभिरुची’ मासिकात १९४६च्या सुमारास आलेली त्यांची ‘काळ्या तोंडाची’ ही आरंभीची कथा एका कुत्रीची आहे. प्राणिसृष्टी हा त्यांच्या उत्तरायुष्याचा विषय असे म्हटले जाते, ते ह्या एका कथेमुळे दुरुस्त करावे लागते.

३० जानेवारी १९४८ रोजी महात्मा गांधींची हत्या झाली. मारेकरी महाराष्ट्रीय ब्राह्मण असल्याचे कळताच दक्षिण महाराष्ट्रात, विशेषतः सातारा, सांगली व कोल्हापूर ह्या भागांत, ब्राह्मणांच्या घरांची जाळपोळ झाली. माडगूळकरांच्या घरालाही ह्या आगीची झळ पोहोचली. पाठोपाठ मार्च १९४८मध्ये औंध संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. म्हणजे घर, गावातील पिढीजात स्थान आणि ज्याच्या आधाराने कुटुंब जगत आले ते छोटे राज्य ह्या तिन्ही गोष्टी काही आठवड्यांच्या अंतराने कोसळल्या. त्याच वर्षीच्या कूळकायद्याने खेड्यांतील ब्राह्मण कुटुंबांचा जमिनीशी असलेला उरलासुरला संबंधही सैल केला. ह्या वर्गाचे खेड्यातून शहराकडे झालेले स्थलांतर हा विसाव्या शतकातील महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासाचा एक मोठा भाग आहे, आणि त्याची पुरेशी नोंद ललित साहित्याने घेतलेली नाही.

‘माणदेशी माणसं’ हे माडगूळकरांचे पहिले महत्त्वाचे पुस्तक १९४९मध्ये प्रसिद्ध झाले. ते ह्या घटनाक्रमाशेजारी ठेवून वाचण्याची प्रथा नाही, हे आश्चर्य आहे. धर्मा रामोशी, झेल्या, रामा मैलकुली, तांबोळ्याची खाला, मुलाण्याचा बकस, शिदा चांभार, गणा महार अशी त्यातील माणसे. बहुतेक सारी गावगाड्याच्या खालच्या थरांतील, काही गावाच्या वेशीबाहेरची. जे गाव वर्षापूर्वी दुरावले, त्या गावातील माणसे लेखकाने एकेक करून जपून ठेवली आहेत. कोठे तक्रार नाही, कडवटपणा नाही; उदारपणाचे प्रदर्शनही नाही. दारिद्र्याचे वर्णन करताना निवेदकाचा आवाज चढत नाही. त्यापूर्वीच्या मराठी ग्रामीण कथेत शहरी लेखकाने खेडुताला एक तर भोळा ठरवले होते, नाही तर विनोदाचा विषय केले होते. माडगूळकरांनी त्याला नाव, व्यवसाय, विक्षिप्तपणा आणि स्वतंत्र दुःख दिले. तरीही ह्या व्यक्तिचित्रांतील निवेदक हा गावचा असून गावापासून किंचित दूर उभा आहे, ही गोष्ट सुटत नाही. तो कारकुनाचा शिकलेला मुलगा आहे. माणसे त्याच्या ओसरीपर्यंत येतात, त्याच्याशी बोलतात, आणि परत जातात. ती घरी गेल्यावर काय बोलत असतील, हे त्याला कळत नाही, आणि कळत असल्याचा आव तो आणत नाही. हा प्रामाणिकपणा ह्या पुस्तकाच्या सामर्थ्याचा भाग आहे, आणि त्याची मर्यादाही त्यातच आहे.

१९५०मध्ये माडगूळकर मुंबईला आले. मराठी चित्रपटांसाठी पटकथा-संवादलेखन हा उपजीविकेचा मार्ग होता. त्यांनी पटकथा लिहिलेला ‘सांगत्ये ऐका’ (१९५९) हा तमाशापट तर अफाट चालला. ह्या लेखनाला त्यांच्या वाङ्मयीन चरित्रात फारसे स्थान देण्याचे कारण नाही. कथेच्या क्षेत्रात मात्र गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले व पु. भा. भावे ह्यांच्या बरोबरीने नवकथेचे एक प्रवर्तक म्हणून त्यांची गणना होऊ लागली. गाडगीळांच्या कथेत महानगरी मनाचा गुंता आहे, तर माडगूळकरांच्या कथेत उघडा माळ आहे. दोघांना एकत्र आणणारी गोष्ट म्हणजे कथानकाच्या रचलेल्या वळणांवरील अविश्वास. १९५१मधील संग्रहाचे ‘गावाकडच्या गोष्टी’ हे शीर्षक लक्षात घेण्याजोगे आहे. गावात असलेला माणूस ‘गावाकडच्या’ असे म्हणत नाही. हा शब्द गावातून निघून गेलेल्याचा आहे.

‘बनगरवाडी’ १९५५ साली पुस्तकरूपाने आली. त्याच वर्षी माडगूळकर पुणे आकाशवाणीच्या ग्रामीण कार्यक्रम विभागात रुजू झाले. ही कादंबरी आकाराने लहान आहे. राजाराम सौंदणीकर नावाचा तरुण शाळामास्तर पहाटेच्या अंधारात एकटा चालत एका धनगरवाडीकडे निघतो, येथून ती सुरू होते. वाडीत शाळा नावापुरती आहे, मुले मेंढरांमागे. कारभारी आरंभी मास्तराला जोखून पाहतो, मग पोटच्या मुलासारखा सांभाळतो, आणि त्याच्या मुलीच्या, अंजीच्या, चोळीवरून उठलेल्या किटाळाने पुन्हा दुरावतो. आनंदा रामोशी चोरी करतो आणि तरीही मास्तराचा सोबती होतो. शेकूचा एक बैल गेल्यावर त्याची बायको दुसऱ्या बैलाच्या जोडीला स्वतः जुंपून घेते. मास्तराच्या पुढाकाराने वाडी श्रमाने तालीम बांधते, तिच्या उद्घाटनाला प्रत्यक्ष संस्थानाधिपती येतात. हा वाडीच्या आयुष्यातील कळस, आणि त्यानंतर कारभारी मरतो, पाऊस जातो, मेंढरे मरू लागतात, माणसे एकेक करून जगायला बाहेर पडतात. शाळेला मुले उरत नाहीत आणि मास्तरालाही वाडी सोडावी लागते.

कादंबरीची ही अखेर दुष्काळाचे वर्णन म्हणून वाचली जाते, आणि ते बरोबरच आहे. माणदेशात दुष्काळ हा कथेचा शेवट करण्यासाठी योजलेला अपघात नसतो, तो नियम असतो. परंतु १९५५ साली ही कादंबरी लिहिणाऱ्या लेखकाच्या दृष्टीने तिच्यातील राजा, संस्थान आणि मास्तराला घरचा मानणारी वाडी हे सारेच इतिहासजमा झाले होते. वाडी उठून जाण्याच्या प्रसंगात लेखकाच्या स्वतःच्या उठून जाण्याची सावली आहे. फरक एवढाच की, कादंबरीत कोणीही कोणाला हुसकून लावत नाही; दोष पावसाचा आहे. राम देशमुख ह्यांनी १९५८मध्ये केलेल्या इंग्रजी भाषांतराच्या शीर्षकाने तर ह्या गावाला भिंती नव्हत्या असेच जाहीर केले. पुढे १९९५मध्ये अमोल पालेकर ह्यांनी तिच्यावर चित्रपट केला.

ह्या भिंतींचा प्रश्न त्याच मातीतील दुसऱ्या लेखकाने उपस्थित केला. शंकरराव खरात हे १९२१चे, आटपाडीचे. वडिलांकडे महारकीच्या वतनातील तराळकी होती, म्हणजे गावाची दवंडी, निरोप, मेलेल्या जनावरांची ओढाताण आणि सरकारी पाहुण्यांची सरबराई. ‘तराळ-अंतराळ’ हे त्यांचे आत्मचरित्र १९८१मध्ये आले. त्यात तोच माळ, तेच संस्थान, तोच दुष्काळ आहे. परंतु विहिरीला आडोसा आहे, वेशीला आत-बाहेर आहे, आणि गावात शिरण्याची वाट कोणत्या बाजूने हे ठरलेले आहे. माडगूळकरांच्या गणा महाराला गावाकडे पाहताना जे दिसत असेल, ते खरातांच्या पुस्तकात उलगडते. ह्यावरून माडगूळकरांचे चित्र खोटे ठरवण्याची घाई काही अभ्यासकांनी केली आहे, ती अयोग्य आहे. त्यांनी वाडी निवडली ती धनगरांची. गावगाड्याची उतरंड तेथे तुलनेने विरळ असते, आणि मास्तर तेथे परका म्हणूनच येतो. तथापि एका लेखकाच्या नावावर अख्खा प्रदेश लिहून देण्याची समीक्षेची सवय मात्र खरातांच्या साक्षीनंतर सोडून द्यायला हवी होती. पदव्युत्तर अभ्यासक्रमांत ‘बनगरवाडी’ आणि ‘तराळ-अंतराळ’ ही पुस्तके अनुक्रमे ग्रामीण व दलित अशा दोन वेगळ्या कप्प्यांत शिकवली जातात, त्यामुळे ती एकाच तालुक्याची आहेत हेही विद्यार्थ्याच्या ध्यानात येत नाही.

जाळपोळीविषयी माडगूळकर सोळा वर्षे गप्प राहिले. ‘वावटळ’ ही कादंबरी १९६४मध्ये आली. गांधीहत्येनंतर पुण्याहून गावाकडे निघालेल्या तरुणांचा प्रवास आणि वाटेत व गावी त्यांना दिसलेली जळिते एवढाच तिचा विषय. ह्या विषयावर लिहिताना बळीच्या भूमिकेत शिरणे सोपे होते, आणि वाचकांच्या एका वर्गाने त्याचे स्वागतही केले असते. माडगूळकरांनी तसे केले नाही. जमाव जेथे दिसतो तेथेही त्यातील माणसे ओळखीची आहेत, आणि आग लावणाऱ्यांप्रमाणेच लपवून ठेवणारे, जेवू घालणारे हातही गावचेच आहेत. ‘माणदेशी माणसं’मधील ममत्व आणि ‘वावटळ’मधील भय एकाच गावाविषयीचे आहे, दोन्ही पुस्तके शेजारी ठेवली की पहिल्यातील संयमाची किंमत कळते. ही कादंबरीही पुढे इंग्रजीत गेली. मराठी समीक्षेने मात्र तिला ‘बनगरवाडी’च्या मानाने फारच कमी जागा दिली.

पुण्यातील दीर्घ वास्तव्यात नोकरी, नाटके आणि कथाकथन हे तीन व्यवसाय समांतर चालले. ‘तू वेडा कुंभार’, ‘सती’, ‘पती गेले गं काठेवाडी’ ही नाटके ह्या काळातील. द. मा. मिरासदार आणि शंकर पाटील ह्यांच्यासह त्यांनी गावोगाव कथाकथनाचे कार्यक्रम केले आणि ग्रामीण कथा ऐकणारा मोठा श्रोतृवर्ग निर्माण झाला. ह्या लोकप्रियतेची दुसरी बाजूही होती. सभागृहाला हशा हवा असतो, आणि माडगूळकरांची उत्तम कथा हशा पिकवण्यासाठी लिहिलेली नव्हती. माणदेशावरील त्यांचे नवे लेखन ह्या काळात विरळ होत गेले, ते स्वाभाविक म्हणावे लागेल. गाव बदलत होते, आणि आठवणीतील गावाचा साठा अमर्याद नव्हता.

ते वळले ते रानाकडे. तरुणपणी बंदूक घेऊन शिकारीला जाणारा हा माणूस हळूहळू बंदूक ठेवून दुर्बीण आणि चित्रवही घेऊन हिंडू लागला. तत्कालीन भंडारा जिल्ह्यातील नागझिरा अरण्यात राहून केलेल्या निरीक्षणांतून ‘नागझिरा’ (१९७९) हे पुस्तक झाले. ग्रामीण नभोवाणीच्या कामानिमित्त घडलेल्या ऑस्ट्रेलियाच्या प्रवासाचे वर्णन ‘पांढरी मेंढरे, हिरवी कुरणे’ ह्या नावाने त्याच वर्षी आले. काळी मेंढरे आणि करपलेला माळ पाहत वाढलेल्या माणसालाच हे नाव सुचू शकते. वानरांच्या टोळीतील सत्तासंघर्षावरील ‘सत्तांतर’ (१९८२) ह्या छोट्या कादंबरीला १९८३चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. टोळीचा जुना प्रमुख हुसकला जातो, नवा नर पिलांना ठार करतो, माद्या काही काळ विरोध करून शेवटी त्याला स्वीकारतात. हे सारे प्राणिशास्त्रज्ञांच्या नोंदींना धरून आहे आणि लेखक त्यावर मानवी नीतीचा शिक्का मारत नाही. तरीही जमाव, हद्द, हुसकून लावणे आणि नव्या सत्तेखाली जगणे निमूट चालू राहणे हा आशय माडगूळकरांना कोठून परिचित होता, हे ‘वावटळ’ वाचलेल्या वाचकाला निराळे सांगावे लागत नाही. माणसांविषयी जे त्यांना अलिप्तपणे लिहिणे जड गेले, ते वानरांविषयी लिहिता आले.

‘सत्तांतर’च्याच वर्षी आलेल्या ‘करुणाष्टक’मध्ये त्यांनी आईच्या आयुष्याची कथा सांगितली. फिरते बिऱ्हाड, नवऱ्याची अपुरी मिळकत, मुलांची आजारपणे आणि देवधर्माचा आधार ह्यांतून एका कारकुनाच्या बायकोने कुटुंब कसे तगवले ह्याची ती कहाणी आहे. पूर्वीच्या पुस्तकांत निवेदकाच्या ओसरीवर इतर माणसे येत; येथे प्रथमच वाचकाला त्या ओसरीच्या आतल्या घरात प्रवेश मिळतो. त्या घरातील दारिद्र्य धर्मा रामोश्याच्या दारिद्र्याहून निराळे होते, पण ते दारिद्र्यच होते. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, आई आणि माणदेश दोन्ही मागे पडल्यावर, माडगूळकर ते लिहू शकले.

१९८३च्या अंबाजोगाई येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद माडगूळकरांकडे आले. लगेच पुढच्या वर्षी, जळगावच्या संमेलनात, ते शंकरराव खरातांकडे गेले. वडीलबंधू ग. दि. माडगूळकर १९७३च्या यवतमाळ संमेलनाचे अध्यक्ष होऊन गेले होते. पाण्यासाठी टँकरची वाट पाहणाऱ्या एका तालुक्यातून बारा वर्षांच्या आत तीन संमेलनाध्यक्ष झाले. २००१च्या एप्रिलमध्ये खरात वारले, आणि त्याच वर्षी २८ ऑगस्ट रोजी माडगूळकरांचे पुण्यात निधन झाले. त्यानंतरच्या काळात टेंभू उपसा योजनेचे पाणी कृष्णेवरून आटपाडीच्या बाजूला चढवले गेले, माळावर डाळिंबाच्या बागा उभ्या राहिल्या, आणि ‘बनगरवाडी’तील कोरडा मुलूख तिच्या वाचकाला त्या जागी जाऊन शोधावा लागू लागला.